अस्वलाविषयी हमखास विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या शाळांत आणि गावोगावच्या वाचनालयांत मी रानातल्या प्राण्यांविषयी बोलायला जातो. पडद्यावर वाघ आला की मुलं डोळे विस्फारून गप्प बसतात. अस्वल आलं की मात्र भराभर हात वर होतात. कुणाला टेडीबद्दल विचारायचं असतं, कुणाला पांडाबद्दल. मागच्या बाकावर एखादा पोरगा असतो, त्याच्या काकाला मोहफुलं वेचताना अस्वलाने फाडलेलं असतं. तो हळूच वेगळंच काही विचारतो. हे सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आपल्या रानातल्या अस्वलावर मी जरा जास्त बोललो आहे. टेडी आणि पांडा घराघरांत पोचले, पण मेळघाटातलं अस्वल आपल्याला वाक्प्रचारापुरतंच ठाऊक राहिलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जगात अस्वलाच्या जाती किती?

आठ. आपलं नेहमीचं अस्वल भारत, नेपाळ आणि श्रीलंकेत आढळतं. हिमालयातलं काळं अस्वल थेट इराणपासून जपानपर्यंत पसरलेलं आहे. आग्नेय आशियातलं सूर्य-अस्वल सगळ्यांत लहान. पण त्याची जीभ वीस-पंचवीस सेंटिमीटर लांब असते आणि झाडाच्या ढोलीतला मध ते त्या जिभेने चाटून काढतं. तपकिरी अस्वल युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका अशा तिन्ही खंडांत आहे. ग्रिझली ही वेगळी जात नाही, ते उत्तर अमेरिकेतलं तपकिरी अस्वलच. अमेरिकी काळं अस्वल संख्येने सगळ्यांत जास्त. उत्तर ध्रुवाकडचं पांढरं अस्वल, दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातलं चष्मेवालं अस्वल आणि चीनमधला पांडा धरले की आठ पुरे होतात.

आफ्रिकेत आज एकही रानटी अस्वल नाही. उत्तर आफ्रिकेत अ‍ॅटलस पर्वतात एके काळी होतं, ते एकोणिसाव्या शतकात संपलं. ऑस्ट्रेलियात तर अस्वल नाहीच. कोआला दिसायला अस्वलासारखा वाटतो, पण तो कांगारूसारखा पिशवीत पिल्लू वाढवणारा प्राणी आहे.

भारतात किती आणि महाराष्ट्रात किती?

भारतात चार: आपलं अस्वल, हिमालयी काळं, हिमालयी तपकिरी आणि ईशान्येकडच्या जंगलांतलं सूर्य-अस्वल. महाराष्ट्रात एकच. मेळघाट, ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, गडचिरोलीची जंगलं आणि बुलढाण्याचं ज्ञानगंगा अभयारण्य ही त्याची राहण्याची ठिकाणं. पुराणांनी भारतातले सात कुलपर्वत सांगितले त्यांत एक ‘ऋक्ष’ पर्वत आहे. ऋक्ष म्हणजे अस्वल. विंध्य-सातपुड्याच्या रांगांतच तो कुठे तरी येतो असं अभ्यासक धरतात. ज्याने हे नाव ठेवलं त्याने त्या डोंगरात अस्वलं पाहिली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आपल्या अस्वलाला इंग्रज आळशी का म्हणतात?

चुकून. इंग्रजीत या अस्वलाला ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात, आणि ‘स्लॉथ’ म्हणजे आळस. दक्षिण अमेरिकेत स्लॉथ नावाचा झाडाला उलटा लटकणारा, अतिशय संथ प्राणी आहे. त्याची नखं लांब असतात. आपल्या अस्वलाचीही नखं लांब, अंगावर जटा आणि समोरचे वरचे दोन दात नाहीत. जॉर्ज शॉ नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाला हे अस्वल त्या स्लॉथचंच भाऊबंद वाटलं आणि १७९१ साली त्याने तसं नाव दिलं. पुढे चूक उमगली, हा प्राणी अस्वलच आहे हे ठरलं, पण नावातलं ‘स्लॉथ’ चिकटलं ते चिकटलंच.

प्रत्यक्षात हा प्राणी जराही आळशी नाही. रात्रभर तो खणत, हुंगत, उकरत हिंडत असतो. चिडला की माणसाला पळून गाठतो. मराठीत त्याला कुठलंही विशेषण न लावता नुसतं ‘अस्वल’ म्हणतात, आणि मला तेच बरोबर वाटतं.

ते खातं काय?

मुख्यतः वाळवी आणि मुंग्या, मोसमाप्रमाणे फळं, आणि मिळेल तेव्हा मध.

वाळवी खाण्याची त्याची रीत एकदा नीट बघण्यासारखी आहे. आधी नाक जमिनीला लावून फिरतं. वारूळ सापडलं की पुढच्या पायाच्या नखांनी फोडतं. ही नखं पहारीसारखी चालतात. उन्हात वाळून दगड झालेल्या वारुळावर आपली कुदळ उडते, तिथे अस्वल दोन-चार फटक्यांत भगदाड पाडतं. मग त्या भोकाला तोंड लावून आधी जोरात फुंकर मारतं आणि माती उडवतं. त्यानंतर नाकपुड्या मिटून घेतं. हो, हवं तेव्हा नाकपुड्या मिटता येतात त्याला. लांब, बिनकेसांचे ओठ नळीसारखे पुढे काढतं आणि समोरच्या दोन न आलेल्या दातांच्या फटीतून वाळवी सुर्रकन आत ओढतं. फुंकर आणि ओढ, फुंकर आणि ओढ. शांत रात्री हा आवाज शंभर-दीडशे मीटरवरही ऐकू येतो. शॉसाहेबांना जी दातांची उणीव वाटली, तेच या प्राण्याचं खरं हत्यार आहे.

उन्हाळ्यात मोहाची फुलं, मग टेंभरं, जांभळं, बहाव्याच्या शेंगा. पुढे उंबर आणि बोरं. फळांच्या दिवसांत पायवाटेवर अस्वलाची विष्ठा दिसली तर काडीने उकलून बघा. जांभळाच्या बिया अख्ख्याच्या अख्ख्या मिळतील. त्या पुढच्या पावसात रुजतात. आमच्या भागातली कित्येक जांभळाची आणि बहाव्याची झाडं या अस्वलांनीच लावलेली आहेत, असं जुने वनमजूर सांगतात आणि मला ते पटतं.

त्याच्या पावलाचा ठसाही सांगून ठेवतो. मागच्या पायाचा ठसा पाहून अनवाणी माणूस चालून गेला की काय असं वाटतं. फरक असा की पाचही बोटं जवळजवळ एका रेषेत असतात आणि बोटांपुढे बऱ्याच अंतरावर नखांची टोकं उमटलेली दिसतात.

हिवाळ्यात ते झोपून राहतं का?

आपलं अस्वल नाही राहत. इथे बारा महिने खायला मिळतं, मग झोपायचं कशाला? थंड प्रदेशातली तपकिरी आणि काळी अस्वलं शरदात अंगावर चरबी चढवून हिवाळाभर गुहेत पडून राहतात. अलास्कातल्या कॅटमाई राष्ट्रीय उद्यानात तर सामन मासे खाऊन कोणतं अस्वल सगळ्यांत गुबगुबीत झालं यावर २०१४ पासून दरवर्षी लोकांकडून मतं मागवली जातात आणि जगभरातून लोक मत देतात.

आपली मादी मात्र पिल्लांसाठी गुहेत बसते. थंडीत बहुधा दोन पिल्लं होतात, आंधळी आणि मुठीएवढी. दोन-तीन महिन्यांनी ती आईच्या पाठीवर बसून बाहेर येतात. पाठीवरच्या लांब जटा घट्ट धरून बसतात. पिल्लांना असं नेहमी पाठीवर वागवणारी अस्वलाची ही एकच जात आहे.

अस्वल माणसाला गुदगुल्या करून मारतं, हे खरं का?

नाही. ‘अस्वली गुदगुल्या’ हा वाक्प्रचार आपण सगळे वापरतो: वरून गंमत, आतून जीवघेणं. त्यामागची समजूत अशी की अस्वल माणसाला धरून गुदगुल्या करतं आणि माणूस हसता हसता मरतो. ही समजूत कुठून आली असेल ते हल्ला पाहिलेल्या माणसाच्या बोलण्यातून थोडं कळतं. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं, पुढच्या दोन्ही पंजांनी माणसाला भराभर ओरबाडतं आणि माणूस खाली पडून किंचाळत वळवळत असतो. लांबून बघणाऱ्याला ते काय वाटेल? पण त्या पंजांना तीन-चार इंचांची नखं असतात. जखमा बहुतेक चेहऱ्यावर, डोक्यावर आणि हातांवर होतात. नाक, डोळा, जबडा गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यासमोर हा वाक्प्रचार माझ्या तोंडून निघत नाही.

मग ते अंगावर का येतं? माणूस खायला?

खायला नाही. आपलं अस्वल घाबरून अंगावर येतं. कारण नीट समजून घ्या. हे अस्वल हजारो वर्षं वाघाच्या शेजारी राहत आलं आहे. ते वाघापेक्षा जोरात पळू शकत नाही, आणि पाठीवर पिल्लं असताना तर नाहीच. त्यामुळे संकट अगदी जवळ आलं की पळायचं नाही, उभं राहायचं, ओरडायचं आणि तुटून पडायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं आहे. २०१८ सालच्या फेब्रुवारीत ताडोबात पाणवठ्याजवळ मटकासुर नावाच्या दांडग्या वाघाशी एक अस्वलीण पिल्लासाठी भिडली होती. ते चित्रीकरण देशभर पाहिलं गेलं. वाघाने तिला खाली दाबलं, ती सुटली, पुन्हा अंगावर गेली, आणि शेवटी मागे हटला तो वाघ.

आता त्याच अस्वलापुढे पहाटेच्या अंधारात पाच पावलांवर अचानक माणूस उभा राहिला तर काय होईल? अस्वल वारुळात तोंड खुपसून स्वतःच्याच आवाजात गढलेलं असतं, त्याला आपली चाहूल लागलेलीच नसते. दचकलेलं अस्वल विचार करत बसत नाही.

मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाताना काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो आणि त्यानंतर तेंदूची तोडणी सुरू होते. मोहाचं फूल पहाटे गळतं. माणसालाही ते त्याच वेळी हवं असतं आणि अस्वलालाही. त्या घरासाठी हा वर्षाचा रोख पैसा असतो, म्हणून ‘जाऊच नका’ असं सांगणं सोपं असलं तरी ते खोटं आहे. जमेल तेवढं हे करा:

एकट्याने जाऊ नका; तिघं-चौघं मिळून जा. नीट उजाडल्यावर झाडाखाली शिरा. वाटेने बोलत, काठी आपटत, डबा वाजवत चला, म्हणजे अस्वलाला तुमची चाहूल लांबूनच लागेल आणि ते आपणहून बाजूला होईल. झुडपात, नाल्याच्या कडेला, खडकांच्या कपारीत खाली वाकण्याआधी थांबून कान द्या. कुत्रा सोबत नेऊ नका. कुत्रा भुंकून अस्वलाला चिडवतो, मग पळत मालकाकडेच येतो आणि मागोमाग अस्वलही. पिल्लं दिसली तर आई जवळच आहे हे धरून चाला.

अस्वल लांब असेल तर न धावता, पाठ न फिरवता, हळूहळू मागे सरा. अंगावर आलंच तर पालथे पडा, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफा, कोपरांनी चेहरा झाका आणि ते जाईपर्यंत उठू नका. चेहरा आणि मान वाचली तर माणूस वाचतो. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. दवाखान्यातले कागद आणि पंचनामा जपून ठेवा. भरपाईच्या अर्जाला ते लागतात. आमच्याकडच्या एका मावशींचा अर्ज केवळ एका तारखेच्या चुकीमुळे अनेक महिने टेबलाटेबलांवर फिरत राहिला, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

दोन मित्रांच्या गोष्टीतल्यासारखं मेल्याचं सोंग घेतलं तर?

शाळेत आपण सगळ्यांनी ती गोष्ट वाचली आहे: एक मित्र झाडावर चढतो, दुसरा श्वास रोखून पडून राहतो, अस्वल हुंगून निघून जातं. ‘अस्वल मेलेल्याला शिवत नाही’ हा त्यातला भाग चूक आहे. अस्वलं मेलेलं जनावरही खातात. पण पालथं, निपचित पडून राहण्याचा उपयोग होतो, कारण समोरचा धोका संपला असं अस्वलाला वाटतं. झाडावर चढणाऱ्या मित्राचा उपाय मात्र कुचकामी आहे. मधासाठी अस्वल तुमच्यापेक्षा उंच चढतं.

दरवेशी आता दिसत का नाहीत?

माझ्या लहानपणी आमच्या गावात आठवडी बाजाराच्या दिवशी दरवेशी यायचा. डमरू वाजला की आम्ही धावत सुटायचो. अस्वल मागच्या पायांवर उभं राहून डुलायचं, सलाम करायचं. आजारी मुलांना त्याच्या पाठीवर बसवायची पद्धत होती. मलाही एकदा बसवलं होतं. जटांना मातीचा आणि शिळ्या भाकरीचा वास येत होता. मी खाली वाकून बघितलं तर त्याच्या नाकातून दोरी आरपार गेलेली होती. दोरीच्या भोवती ओलं होतं आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. मग दोरीला हिसका बसला आणि ते उभं राहिलं. लोक म्हणाले, नाचतंय. त्या वयातही मला कळलं की ते नाचत नाहीये.

पुढे वाचून कळलं ते असं. आईला मारून काही आठवड्यांची पिल्लं गुहेतून काढली जात. नाक तापलेल्या सळीने भूल न देता टोचत आणि त्यातून दोरी ओवत. सुळे पाडून टाकत. ज्याला आपण नाच म्हणत होतो ती हिसक्याची वेदना टाळण्याची धडपड होती.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि हे सगळं बेकायदा ठरलं, तरी खेळ बरीच वर्षं चालूच राहिले. उत्तरेत ज्यांना कलंदर म्हणतात त्यांच्या कित्येक पिढ्या याच धंद्यावर जगल्या होत्या. अस्वल काढून घेतलं तर घरी चूल पेटणार नव्हती. १९९५ साली कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी स्थापन केलेल्या वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने हा गुंता ओळखला. अस्वल देणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल, मुलांना शाळा, आणि अस्वलासाठी आग्र्याजवळ २००२ पासून निवारा. सहाशेहून जास्त अस्वलं अशी सुटली. रस्त्यावरच्या शेवटच्या नाचऱ्या अस्वलांपैकी राजू नावाचं अस्वल २००९ च्या डिसेंबरमध्ये बेंगळुरूजवळ सोडवलं गेलं. प्राण्यावर दया करताना माणसाच्या पोटाचाही विचार झाला, म्हणून हे काम टिकलं.

अस्वलाचा केस ताईतात घातला तर भीती जाते का?

जात नाही. आणि अस्वलाचे केस, नखं, दात जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. हा प्राणी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पित्ताशयासाठीही अस्वलं मारली जातात. त्या पित्तातलं जे औषधी द्रव्य आहे ते आता कारखान्यात अस्वलाला हात न लावता तयार होतं आणि डॉक्टर यकृताच्या काही विकारांवर गोळीतून देतात.

जांबुवंत खरंच अस्वल होता का?

वाल्मीकींनी त्याला ऋक्षांचा राजा म्हटलं आहे, म्हणजे अस्वलांचा. समुद्र ओलांडायचा कुणी, म्हणून सगळे वानर खाली मान घालून बसले तेव्हा मारुतीला त्याच्या शक्तीची आठवण करून दिली ती या वृद्ध अस्वलाने.

पण मराठी घरांत जांबुवंत येतो तो गणेश चतुर्थीच्या रात्री. चंद्र बघू नये, बघितला तर चोरीचा आळ येतो, आणि आलाच तर स्यमंतक मण्याची कथा ऐकावी. ती कथा माग काढणाऱ्या माणसाची कथा आहे, म्हणून मला फार आवडते. प्रसेन मणी घालून शिकारीला गेला आणि परतला नाही. कृष्णावर आळ आला. कृष्ण माग काढत रानात गेला. आधी प्रसेन आणि त्याचा घोडा मेलेले सापडले, भोवती सिंहाचे ठसे. सिंहाच्या मागावर गेला तर सिंह मेलेला, भोवती अस्वलाचे ठसे. ते ठसे गुहेत शिरत होते. आतून पाळण्याचा आवाज आला. दाई रडणाऱ्या बाळाला समजावत होती:

सिंहः प्रसेनमवधीत् सिंहो जाम्बवता हतः।
सुकुमारक मा रोदीस्तव ह्येष स्यमन्तकः॥

रडू नको बाळा, हा मणी तुझाच आहे. अस्वलाच्या गुहेत पाळणा, पाळण्यात पिल्लू, आणि खेळायला सूर्याचा मणी. भागवतात जांबुवंत आणि कृष्ण अठ्ठावीस दिवस मुष्टियुद्ध करतात आणि शेवटी जांबवती कृष्णाची पत्नी होते. आपल्या परंपरेने अस्वलाला कृष्णाचा सासरा केलं. त्याच्याच वंशजाच्या नाकात आपण दोरी घातली, हे मला कधी नीट पचलं नाही.

सप्तर्षींना पाश्चात्त्य लोक मोठं अस्वल का म्हणतात?

आपल्याकडेही म्हणत होते. शतपथ ब्राह्मणात स्पष्ट लिहिलं आहे की सप्तर्षींना पूर्वी ‘ऋक्ष’ म्हणत. ग्रीक भाषेतला ‘आर्क्टोस’ आणि संस्कृतातला ‘ऋक्ष’ हे एकाच मुळाचे शब्द. त्या ग्रीक शब्दावरूनच उत्तर ध्रुवाच्या प्रदेशाला आर्क्टिक हे नाव पडलं. म्हणजे आर्क्टिक हा अस्वलाच्या ताऱ्यांखालचा मुलूख झाला.

मोगलीचा बल्लू कोणत्या जातीचा?

मोगलीची गोष्ट लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगने १८९४ च्या ‘द जंगल बुक’ या पुस्तकात त्याला झोपाळू तपकिरी अस्वल म्हटलं आहे. पण गोष्ट घडते सिवनीच्या डोंगरांत, आजच्या पेंचच्या मध्य प्रदेशातल्या बाजूला. तिथे तपकिरी अस्वल नाही. ते हिमालयात उंचावर असतं. जागेचा विचार केला तर बल्लू आपलंच काळं, जटाधारी अस्वल असायला हवा. पेंचचं जंगल हद्द ओलांडून नागपूर जिल्ह्यात येतं, त्यामुळे आम्ही नागपूरकडचे लोक बल्लूवर थोडा हक्क सांगतो. १९९३ मध्ये दूरदर्शनवर याच गोष्टीवरची जपानी मालिका आली आणि गुलजारांच्या शब्दांनी नि विशाल भारद्वाजांच्या चालीने रविवारची सकाळ भरून गेली. माझ्या पिढीतल्या पोरांना अस्वलाची भीती कमी वाटते, त्याला ती मालिकाही थोडी कारण आहे.

टेडी हे नाव कुठून आलं?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना लोक टेडी म्हणत. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ते मिसिसिपीत अस्वलाच्या शिकारीला गेले. त्यांना शिकार मिळेना, म्हणून वाटाड्या होल्ट कॉलियरने एक काळं अस्वल कुत्र्यांकरवी घेरून झाडाला बांधून ठेवलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. वॉशिंग्टन पोस्टमध्ये क्लिफर्ड बेरीमन यांनी त्याचं व्यंगचित्र काढलं, ब्रुकलिनमधल्या मॉरिस मिचटम या मिठाईवाल्याने दुकानात कापडी अस्वल मांडलं आणि त्याला ‘टेडीचं अस्वल’ म्हटलं. जर्मनीत श्टाइफ कंपनीचं खेळण्यातलं अस्वलही त्याच सुमाराला आलं.

मुलांना सांगताना पुढचा भाग बहुतेक वगळतात. ते अस्वल जखमी होतं आणि त्याचे हाल संपवायला सुरीने मारलं गेलं, तेही रूझवेल्ट यांच्याच सांगण्यावरून. मी मोठ्या मुलांना हे सांगतो. ती गप्प होतात, पण त्यांना ते कळतं.

इंग्रजी गोष्टींतले पू आणि पॅडिंग्टन खऱ्या अस्वलांवरून घेतले का?

पू हो. १९१४ च्या ऑगस्टमध्ये हॅरी कोलबर्न हे कॅनडाच्या सैन्यातले पशुवैद्य रेल्वेने युद्धावर निघाले होते. वाटेत व्हाइट रिव्हर स्टेशनवर त्यांनी वीस डॉलरला काळ्या अस्वलाचं पिल्लू घेतलं आणि विनिपेग या आपल्या गावावरून तिचं नाव विनी ठेवलं. फ्रान्सला जाताना तिला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलं. तिथे लेखक ए. ए. मिल्न यांचा मुलगा क्रिस्टोफर रॉबिन तिला बघायला जायचा. १९२६ मध्ये मिल्न यांचं ‘विनी-द-पू’ हे पुस्तक आलं. विनी १९३४ पर्यंत जगली.

पॅडिंग्टन हे १९५८ चं. त्याचे लेखक मायकेल बाँड यांनी गोष्टीत आधी त्याला आफ्रिकेतून आणलं होतं. तिथे अस्वलं नसतात हे लक्षात आणून दिल्यावर पेरू देश केला. त्यामुळे तो चष्मेवाल्या अस्वलाच्या जातीचा ठरतो. ही जात फार थोड्यांना ठाऊक होती. पॅडिंग्टनमुळे तिला ओळख मिळाली.

पांडा अस्वल आहे का?

हो. बरीच वर्षं वाद होता. १९८० च्या दशकात जनुकीय अभ्यासाने तो मिटवला. आतडी मांसाहाऱ्याची आणि जेवण बांबूचं, त्यामुळे दिवसातला बराच वेळ खाण्यातच जातो. १९६१ पासून तो डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंरक्षणाचं काम करणाऱ्या जागतिक संस्थेचं बोधचिन्ह आहे. चीनच्या मोजणीत १,८६४ रानटी पांडे आढळले आणि २०१६ मध्ये त्याची गणना ‘संकटग्रस्त’वरून ‘असुरक्षित’मध्ये आली. आपलं अस्वलही त्याच ‘असुरक्षित’ यादीत आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. सिक्कीम-अरुणाचलातला लाल पांडा मात्र अस्वल नव्हे.

यती, म्हणजे हिमालयातला हिममानव, खरंच असतो का?

२०१७ मध्ये यतीचे म्हणून जपून ठेवलेले हाड, दात, कातडी, केस असे नऊ नमुने तपासले गेले. आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा.

शेअर बाजारातल्या मंदीला अस्वल का?

लंडनमध्ये अठराव्या शतकात, हातात नसलेला माल आधी विकून भाव पडण्याची वाट बघणाऱ्यांना ‘अस्वलाचं कातडं विकणारे’ म्हणत. शिकार व्हायच्या आधीच कातड्याचा सौदा करायचा! आपल्याकडे ‘बाजारात तुरी’ म्हणतात, तिथे तेच काम अस्वलाच्या कातड्याने केलं.

सैन्यातल्या अस्वलाची गोष्ट खरी आहे का?

खरी आहे, आणि तिचा एक धागा कोल्हापूरला येतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत रशियातून सुटलेले हजारो पोलिश लोक १९४२ मध्ये इराणात पोचले. त्यातल्या सैनिकांनी तिथे एका मुलाकडून तपकिरी अस्वलाचं पिल्लू घेतलं आणि नाव ठेवलं वोयतेक. पुढे ते सैनिक म्हणून पटावर नोंदलं गेलं आणि १९४४ मध्ये इटलीत माँते कासिनोच्या लढाईत त्याने दारूगोळ्याच्या पेट्या वाहिल्या. गोळा उचललेलं अस्वल हे त्या तुकडीचं चिन्ह झालं. त्याच लोंढ्यातल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं पुढे निरनिराळ्या देशांत गेली. त्यातली सुमारे पाच हजार कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ राहिली. वोयतेक एडिंबराच्या प्राणिसंग्रहालयात १९६३ मध्ये वारला. जुने पोलिश सैनिक कुंपणापाशी येऊन त्याच्याशी पोलिशमध्ये बोलत, आणि तो मान वळवून बघे.

आपलं अस्वल बघायचं तर कुठे जायचं?

हंपीजवळच्या दरोजी अभयारण्यात दुपारनंतर मनोऱ्यावरून दिसण्याची शक्यता बरीच असते. रामायणातली किष्किंधा हंपीची मानतात, म्हणजे जांबुवंताच्या मुलखातच अस्वल बघणं झालं. महाराष्ट्रात ज्ञानगंगा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा. वाघामागे धावणाऱ्या गाडीतून ते दिसत नाही. वाटाड्याला आधीच सांगा की आम्हाला अस्वल बघायचं आहे; तो तुमच्याकडे जरा निराळ्या नजरेने बघेल आणि मग मनापासून हिंडवेल.

उन्हाळ्यातली संध्याकाळ निवडा. गाडी बंद करून बसा, बोलू नका. पाचोळ्यात आधी खरखर ऐकू येईल. मग काळा ढीग हलताना दिसेल, त्याच्या पाठीवर अजून दोन छोटे ढीग. ती वारुळापाशी थांबेल, पिल्लं तिच्या जटा धरून खाली डोकावतील, आणि मग तुम्हाला तो आवाज येईल. आधी फुंकर, मग ओढ.